बाईकवर जास्त सुरक्षित वाटतं, ते कितपत खरं?

अभिजित (ए-४०४):
काल पार्किंगच्या विषयात एक वाक्य येऊन गेलं, "कारपेक्षा बाईकवर जास्त सुरक्षित वाटतं." विषय तिथेच राहिला. पण बरीच वर्षं बाईक चालवणारे हे मनापासून म्हणतात आणि त्याला कारणंही आहेत. बाईकवर डोळ्यांसमोर खांब नाही, छप्पर नाही. मान वळवली की मागचा सगळा रस्ता दिसतो. रुंदी जेमतेम ८० सेंमी, त्यामुळे एकाच लेनमध्ये डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे सरकून जागा करता येते. रस्त्यावर वाळू आहे की ओल, ते हँडलमधून हाताला कळतं. आता प्रश्न असा की या वाटण्यावर भरवसा किती ठेवायचा?

प्रज्ञा ताई (बी-२०१):
अभिजित, वाटणं खोटं नाही, पण ते निम्म्याच प्रश्नाचं उत्तर आहे. एक प्रश्न, धडक टळेल का? दुसरा, टळली नाही तर शरीराचं काय होईल? बाईकवरचा आत्मविश्वास सगळा पहिल्याबद्दल असतो. दुसऱ्याचं गणित मांडते.

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. कारचं नाक चुरगळतं, सीटबेल्ट थोडा ताणला जातो, आणि आतल्या माणसाला थांबायला साधारण ६० सेंमी मिळतात. म्हणजे छातीवर गुरुत्वाच्या १६ पट जोर. पट्टा लावलेला निरोगी माणूस हे बहुधा सोसतो. तोच वेग जर ५ सेंमीत संपला, म्हणजे अंग थेट खांबावर किंवा दुसऱ्या वाहनाच्या कडेवर आदळलं, तर जोर जातो २०० पटींच्या आसपास. शरीर तेच, वेग तोच, फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. बाईकला ते अंतर देणारा भागच नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या आकडेवारीत, प्रवासाच्या प्रत्येक मैलामागे मोटारसायकलवर होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कारमधल्यांच्या २० पटींहून जास्त दिसतं.

रेणुका (सी-१०३):
ताई, पण मग इतक्या लोकांना उलटं का वाटतं? आकडे माहीत असलेलेही तेच म्हणतात.

प्रज्ञा ताई (बी-२०१):
कारण मन धोका मोजताना "ताबा कोणाकडे आहे" हे पाहतं. बाईकवर प्रत्येक हालचाल आपल्या अंगातून होते, म्हणून ताबा पूर्ण वाटतो. त्यात स्वतःच्या कौशल्याचा अंदाज सगळ्यांचाच चढा असतो. १९८१ साली स्वेन्सन या संशोधकांनी चालकांना विचारलं होतं की कौशल्यात तुम्ही वरच्या निम्म्यात येता का. अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या गटात ६९ टक्के "हो" म्हणाले. निम्म्यात तर ५० टक्केच मावतात.

कारची बाजूही सांगायला हवी. बंद काचा, शांत केबिन, यामुळे ८० चा वेग ५० सारखा वाटतो. बाईकवर वारा अंगावर येतो, वेग खरा वाटतो, माणूस जागा राहतो. कारमध्ये चालवणारा सैलावतो हे बाईकवाल्यांचं निरीक्षण बरोबरच आहे.

शरद काका (बी-५०२):
प्रज्ञाच्या बोलण्यात एक मोलाची गोष्ट आहे, ती जरा उलगडतो. उघड्यावर असल्याची जाणीव हेच बाईकस्वाराचं रक्षण आहे. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोंधळ होईल अशी भीती होती, पण सुरुवातीला अपघात घटले, कारण प्रत्येकजण जपून चालवत होता. सवय झाली आणि आकडे पुन्हा वर गेले. तसंच बाईकचं. जोवर "मी उघडा आहे" हे डोक्यात आहे, तोवर ती सावधगिरी उपयोगाची. "मला इथे सुरक्षित वाटतं" हे डोक्यात बसलं की ती गळून पडते.

आता कौशल्यावरचा भरवसा कुठे तुटतो ते बघा. हॅरी हर्ट या संशोधकांच्या पथकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, अहवाल १९८१ चा. तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेले. त्यातल्या दोन तृतीयांशांत समोरच्याने बाईकचा जाण्याचा हक्क मोडलेला, आणि मुख्य कारण एकच, बाईक त्याच्या लक्षातच आली नाही. म्हणजे ताबा आपल्या हातात असतो हे खरं, पण निर्णय दुसऱ्याच्या डोळ्यांत होतो.

अभिजित (ए-४०४):
काका, समोरून बघतो आणि तरी आडवा येतो, हे नेमकं कसं घडतं?

शरद काका (बी-५०२):
दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. एक, अरुंद वस्तू सरळ आपल्याकडे येत असेल तर ती डोळ्यात फार हळू मोठी होते, अगदी जवळ आल्यावर एकदम फुगते. त्यामुळे बाईक लांब आणि संथ वाटते, आणि "निघून जाऊ" असा निर्णय होतो. दोन, कारच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांब. चौकाकडे दोघे ठरावीक वेगाने येत असतील तर बाईक त्या खांबामागे सेकंदन्‌सेकंद लपून राहू शकते. तीन, नजर झपकन एका बाजूकडून दुसरीकडे नेताना मधलं मेंदू टिपतच नाही.

कार चालवणाऱ्यांनी चौकात शिरण्यापूर्वी डोकं पुढे-मागे हलवून खांबाआडचं बघावं, आणि प्रत्येक बाजूला नजर क्षणभर थांबवावी. बाईकवाल्यांनी चौकाजवळ येताना लेनमध्येच हळूच एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकावं. आडवी हालचाल डोळ्याला लगेच कळते. आणि समोरच्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. नजरानजर झाली तरी त्याने पाहिलंच असेल असं नाही. चाक फिरलं की गाडी निघाली.

मकरंद (सी-६०१):
त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. धोका सुरू झाल्यापासून धडकेपर्यंत स्वाराला सरासरी दोन सेकंदही मिळत नाहीत. आणि धोका सुरू होण्याआधीचा मधला वेग (निम्मे याहून हळू, निम्मे जास्त) फक्त ताशी ४८ किमी. शर्यतीचा वेग नाही हा, रोजचा आहे.

४८ च्या वेगाने दोन सेकंदांतला पहिला सेकंद बघण्यात आणि हात हलण्यात जातो, १३ मीटर गेले. उरला एक सेकंद. घाबरलेला माणूस पाय जोरात दाबतो आणि पुढचा ब्रेक अर्धवट धरतो. अहवालातही हेच सापडलं, मागचं चाक घसरलेलं आणि पुढच्या ब्रेकची ताकद वापरलेलीच नाही. फक्त मागच्या ब्रेकवर त्या सेकंदात वेग ३५ पर्यंत उतरतो. दोन्ही नीट दाबले तर २३ पर्यंत. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजतात, म्हणजे दुसऱ्या बाबतीत ती पहिलीच्या निम्म्याहूनही कमी.

रेणुका (सी-१०३):
पुढचा ब्रेक दाबला की बाईक उलटते, ही भीती बहुतेकांना असते. ती कितपत खरी?

मकरंद (सी-६०१):
झटक्याने खेचला तर घात होतो, हे खरं. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पण ते यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. वजन येण्याआधीच पूर्ण जोर दिला तर पुढचं चाक जाम होऊन घसरतं. म्हणून लिव्हर ओला स्पंज पिळावा तसा आवळायचा. आधी हलकं, सस्पेन्शन खाली बसल्याचं जाणवलं की जोर वाढवत न्यायचा. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं ७० टक्क्यांहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण मागचं चाक तेव्हा हलकं होतं.

एबीएस असेल तर चाक जाम होण्याआधीच ब्रेकचा दाब सोडून पुन्हा धरला जातो आणि लिव्हर हाताला थरथरतो. त्या थरथरीला घाबरून लिव्हर सोडू नये. अनेक जण नेमके तेव्हाच सोडतात. वळणात मात्र साधं एबीएस पुरत नाही. पकड वजनाच्या किती पट आहे त्यात मोजतात. बाईक ३० अंश झुकली की टायरची जवळजवळ ०.५८ इतकी पकड वळण्यातच खर्च होते. कोरड्या रस्त्याची एकूण पकड ०.८ धरली तर ब्रेकसाठी उरते ०.५५ (वळणाचा आणि ब्रेकचा जोर एकमेकांशी काटकोनात असतो, म्हणून सरळ वजाबाकी होत नाही, वर्गांची होते). ओल्या रस्त्यावर उरतच नाही. म्हणून वळणात आधी बाईक सरळ करायची, मग जोरात ब्रेक.

आणि हँडलबद्दल एक. ताशी २० किमीच्या वर ज्या बाजूला जायचं त्या बाजूचं हँडल पुढे ढकलायचं असतं. डावीकडे जायचं तर डावा हात पुढे. सगळे नकळत हेच करतात, पण घाबरल्यावर उलटं खेचतात आणि जे टाळायचं त्याच्यावरच जातात. नजरही त्याच वस्तूवर खिळलेली असते. नजर मोकळ्या जागेवर ठेवायची, हात नजरेच्या मागोमाग जातो.

प्रज्ञा ताई (बी-२०१):
हेल्मेटबद्दल लिहिते, कारण "आयएसआय की काहीतरी लिहिलंय" एवढ्यावरच विषय संपवला जातो. आत जो पांढरा कडक फोम असतो तोच डोक्याला थांबायला अंतर देतो, मघाच्या गणितातले ते सेंटीमीटर. तो एकदाच दबतो, परत फुगत नाही. बाहेरून ओरखडा नसला तरी जोरात आदळलेलं हेल्मेट टाकून द्यावं. ईसीई २२.०६ या युरोपात वापरल्या जाणाऱ्या हेल्मेटच्या मानकात सर्वात जोराचा आघात सेकंदाला ८.२ मीटरने घेतात. म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंचीवरून डोकं पडल्यासारखं. हेल्मेट "शंभरच्या वेगाला चालतं" असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. पण पट्टा आवळलेला असेल तरच. तपासायचं कसं? पट्टा लावून, मागची खालची कड धरून हेल्मेट पुढे उलटवून बघा. निघत असेल तर माप मोठं आहे. गालाचे पॅड गाल दाबत असले पाहिजेत, आणि हेल्मेट फिरवलं की कातडीही सोबत हलली पाहिजे. मागे बसणाऱ्यालाही हाच नियम, लहान मुलांना तर आधी.

शरद काका (बी-५०२):
टायरचं विसरू नका. बाईकचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या दोन तुकड्यांनी असतो. हवा टायर थंड असताना तपासा, चालवून आल्यावर आकडा जास्तच दिसतो. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरची हवा पुस्तिकेत दिली असेल तेवढी वाढवा. टायरच्या बाजूवर चार अंकी कोड असतो, त्यात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर त्या पाण्याची वाफ होऊन लिव्हर पोकळ लागतो. दर दोन वर्षांनी बदला.

अभिजित (ए-४०४):
मकरंद, ब्रेकचा सराव करायचा तर कसा करावा? काही मोजमाप आहे का?

मकरंद (सी-६०१):
आहे. सपाट, कोरडी, मोकळी जागा, वाळू झाडून घेतलेली. पूर्ण कपडे, बूट, हेल्मेट, मागे कोणी नाही. खडूने एक रेघ काढा आणि रेघेवर आल्यावरच ब्रेक लावा, आधी नाही. ताशी ३० ने आलात तर ५ मीटरच्या आसपास थांबायला हवं, ४० ने आलात तर ९ मीटर. पहिल्या दिवशी ३० च्या वर जाऊ नका. सुरुवातीला ८ मीटर लागतील, हरकत नाही. दरवेळी नजर समोर लांब, क्लच थांबण्याच्या अगदी आधी, पाय जमिनीला शेवटी. टेप घेऊन अंतर मोजा आणि लिहून ठेवा, डोळ्याचा अंदाज नेहमी आपल्याच बाजूने चुकतो. दहा-बारा वेळा केलं की थांबा. डिस्क गरम होते आणि हात थकतो, पुढचे प्रयत्न बिघडतात.

अभिजित (ए-४०४):
रविवारी सकाळी टेप आणि खडू घेऊन येतो.

रेणुका (सी-१०३):
मागे बसणाऱ्यांचाही एक सराव घ्या. ब्रेक लागताना गुडघ्यांनी चालवणाऱ्याला आवळायचं आणि हात टाकीवर टेकवायचे. नाहीतर सगळं वजन चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतं.

मकरंद (सी-६०१):
अगदी बरोबर. ते ३० वर आधी एकट्याने जमल्यावर, आणि २० पासून सुरू करून.