वाळवंटातली हिवाळी बाग: तुमचे अनुभव लिहा

जून आला की आपले हात शिवशिवतात. अबूधाबीत आले त्या वर्षी मीही मृगाच्या मुहूर्तावर मेथी पेरली. बाहेर 45 अंश, नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं. उगवलं काहीच नाही. खालच्या मजल्यावरच्या केरळी काकांनी कुंडीत डोकावून पाहिलं, हसले आणि एवढंच म्हणाले, "अक्तूबर." तेव्हापासून माझं मृग ऑक्टोबरात लागतं. यंदाचा हा आठवा मोसम.

वाळवंटात राहून हिवाळ्यात काही पिकवत असाल तर लिहा. फसलेलं आधी लिहा, ते जास्त उपयोगी पडतं. आणि अळू कोणाला जमलंय का, तेवढं नक्की सांगा.

सुरुवात माझ्याच फजितीने. दुसऱ्या वर्षी पालक छान आला आणि मग पानांच्या कडा करपायला लागल्या. कुंडीच्या काठावर पांढरं काहीतरी जमलेलं. मला वाटलं बुरशी. ते मीठ होतं. इथल्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात आणि मी "पाणी जपून" म्हणत रोज वाटी-वाटीच घालत होते. वर कुंडीखाली बशी! निथळलेलं खारट पाणी माती पुन्हा वर ओढून घ्यायची. आता बश्या काढल्यात. पंधरा दिवसांतून एकदा तळातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी घालते. काटकसरीच्या संस्कारांना जरा त्रास होतो, पण पालक टिकतो.

दुबईहून

वरसानच्या नर्सऱ्यांमध्ये "स्वीट सॉइल" मिळते. नावावर भुलून नुसती तीच भरली. ती म्हणजे कमी क्षारांची वाळूच, पोषण जवळजवळ शून्य. आता तीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत जवळजवळ निम्मं घालतो.

टोमॅटोची रोपं सप्टेंबरात लावली, फुलं धडाधड आली आणि तशीच गळली. रोगबिग काही नव्हता. रात्रीही उकडत असलं की टोमॅटोला फळ धरत नाही. नोव्हेंबरात रात्री गार झाल्या आणि त्याच झाडांना फळं धरली. सोळाव्या मजल्यावर मधमाशी फिरकत नाही, म्हणून फुलांच्या देठांना सकाळी टिचक्या मारतो. बायको म्हणते, ऑफिसला उशीर होण्याचं हे कारण कुणाला सांगू नकोस.

फिनिक्स, ॲरिझोना

तुमच्याकडे थंडी म्हणजे गंमत आहे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाला पडतो, म्हणजे रात्री दव गोठतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री भराभर उडून जाते. पहिल्याच वर्षी कढीपत्ता काळा पडला. रडत रडत मी लगेच सगळं छाटून टाकलं आणि तीच मोठी चूक. छाटल्यावर नवे कोंब आले, फेब्रुवारीच्या पाल्याने तेही गेले. आता काळी पानं मार्चपर्यंत तशीच ठेवते. तीच आतल्या फांद्यांना पांघरूण होतात. पाल्याच्या रात्री आईच्या जुन्या सोलापुरी चादरी घालते. चादर जमिनीपर्यंत टेकायला हवी, म्हणजे मातीची ऊब आत राहते. नुसती वरून टोपीसारखी घातली तर काही उपयोग नाही. प्लास्टिक थेट पानांवर नको. माळेतले जुने तापणारे दिवे असले तर आत सोडा, एलईडी चालत नाहीत.

खणायचं म्हणाल तर हातभर खाली "कलीची" लागते, चुन्याचा दगडासारखा थर. पहारीनेच फुटतो. मी वाफे उंच बांधून टाकले.

बिकानेरहून

यांची इथे बदली झाली तेव्हा वाळू बघून बागेचा नाद सोडला होता. शेजारच्या मारवाडी भाभींनी गाजर लावायला लावलं. माझं माहेर मराठवाड्यातलं, काळ्या मातीतली दोन-तीन पायांची गाजरंच पाहिलेली. इथल्या भुसभुशीत वाळूत सरळसोट, वीतभर! यंदा भोगीच्या भाजीला गाजर, वांगी आणि हरभऱ्याचे सोलाणे घरचेच होते. पाल्याची चाहूल लागली की संध्याकाळी पाणी देतो. ओली माती ऊब धरून ठेवते.

रियाध

थोडक्यात लिहितो. आम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. जानेवारीत रात्री पारा एक आकडी. तुळस रोज रात्री घरात, सकाळी बाहेर. विसरलो की आईचा व्हिडिओ कॉल नेमका त्याच दिवशी.

मस्कत

ताई, अळू जमलं, पण भलत्या ऋतूत. उन्हाळाभर एसीच्या नळीखाली बादली होती. ते पाणी बिनक्षाराचं. सावलीत अळू असं माजलं की गणपतीत अळूवडी झाली. हिवाळ्यात एसी बंद, नळाचं पाणी सुरू, आणि पानं पिवळी.

धागाकर्ती

वा! पण एसीचं पाणी मी खायच्या झाडांना घालत नाही. आतली कॉइल धातूची आणि ती कधी साफ झाली कोण जाणे. सदाफुलीला घालते. अळूला फिल्टरचं पाणी देऊन बघेन म्हणते. अळूचा कांदा कोणता वापरलात, घरून आणलेला की तिथल्या बाजारातला?