डोंगर न चढणाऱ्या जोडप्यांची डोंगरातील उन्हाळी सुट्टी: आपले अनुभव लिहावेत

थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विषय निघाला की सल्ले मिळतात ते पायवाटांचे, ट्रेकचे आणि तंबूंचे. ज्या दोघांना यांपैकी कशातच रस नाही, त्यांनी डोंगरात जाऊन करायचे तरी काय, असा प्रश्न लोकांना खरोखरच पडतो. आम्ही दोघे तसेच आहोत. नवऱ्याचा उजवा गुडघा चढ सोसत नाही, मला तासाभराहून अधिक चालणे नकोसे होते, आणि तरीही गेल्या नऊ उन्हाळ्यांपैकी सात आम्ही डोंगरात काढले आहेत, कारण डोंगर नुसता समोर असला तरी आम्हाला पुरतो. अशा सुट्टीची आखणी निराळी असते आणि ती बहुधा एक-दोनदा चुकल्यावरच जमते, म्हणून हा धागा काढते आहे. कोणती ठिकाणे पाहिलीत यापेक्षा मुक्काम कुठे केलात, वर कसे पोहोचलात, दिवस कसा घालवलात आणि दोघांपैकी कोणाला काय झेपले नाही, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुवात स्वतःपासून करते. आमच्या पहिल्या सहलीत आठ दिवसांत चार मुक्काम होते. बॅगा भरणे, खोली सोडणे आणि गाडीची वाट पाहणे यातच सकाळ संपायची, आणि डोंगर दिसायचे ते गाडीच्या काचेतून. पुढच्या वेळी आम्ही स्वित्झर्लंडमधील वेंगन या गावी सलग सात रात्री राहिलो. लाउटरब्रुननच्या खोल दरीच्या वर, 1274 मीटर उंचीवर हे गाव आहे. मोटारी खालीच ठेवाव्या लागतात आणि दातेरी रुळांची आगगाडी आपल्याला वर आणते. खोली घेताना आम्ही एकच अट ठेवली होती, ती म्हणजे सज्जातून बर्फाचे शिखर दिसले पाहिजे. समोर 4158 मीटर उंचीचे युंगफ्राउ होते. संध्याकाळी दरीत सावली भरू लागली की तिची कड समोरच्या कड्यावरून सावकाश वर सरकते. आधी झाडी काळवंडते, मग खडक राखाडी होतो, आणि गावात दिवे लागल्यावरही शिखराचा बर्फ बराच वेळ आधी केशरी आणि मग गुलाबी राहतो, कारण सूर्य क्षितिजाशी आला की त्याचा प्रकाश हवेच्या फार मोठ्या थरातून येतो आणि त्यातील निळा भाग वाटेतच विखुरला जातो. सातपैकी पाच संध्याकाळी आम्ही हे पाहिले आणि एकदाही उठावेसे वाटले नाही.

न चालणाऱ्या जोडप्याने काटकसर करायचीच असेल तर ती इतरत्र करावी, खोलीच्या दिशेत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आरक्षण करताना ‘माउंटन व्ह्यू’ या दोन शब्दांवर विसंबू नये. खिडकी कोणत्या दिशेला उघडते, समोर दुसरी इमारत आहे का आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे विचारून लेखी उत्तर घ्यावे.

*

माझ्या पत्नीला घाटात गाडी लागते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दर वीस मिनिटांनी थांबत वर पोहोचलो, पहिला दीड दिवस तिने अंथरुणात काढला, आणि परतीच्या वळणांच्या धास्तीने उरलेले दिवसही मोकळेपणाने गेले नाहीत. त्यानंतर आम्ही ठिकाण निवडण्याचा क्रमच उलटा केला. आधी डोंगरातली रेल्वे शोधायची आणि ती जिथे नेईल तिथे राहायचे.

कालका ते शिमला हा 96 किलोमीटरचा मार्ग 1903 मध्ये सुरू झाला आणि त्यावर शंभराहून अधिक बोगदे आहेत. वळणे येथेही असंख्य आहेत, पण गाडी ती इतक्या धिमेपणाने घेते की पोटातले पाणी हलत नाही. बोगद्यात शिरताना डब्यात अंधार होतो, गारवा येतो, आणि बाहेर पडल्यावर दरी दुसऱ्याच बाजूला गेलेली असते. पुढे आम्ही निलगिरीची रेल्वेही केली. मेट्टुपालयम ते ऊटी हे अंतर अवघे 46 किलोमीटर असले तरी वर जायला जवळजवळ पाच तास लागतात. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ इतका तीव्र आहे की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे. इंजिनाखालचे दातेरी चाक त्या पट्टीत एकेक दात अडकवत पुढे सरकते आणि इंजिन गाडीला मागून ढकलते, त्यामुळे सर्वांत पुढच्या डब्यात बसणाऱ्यांच्या समोर इंजिन नसते, मोकळा डोंगर असतो. तो प्रवास माझ्या पत्नीने खिडकीबाहेर पाहत पूर्ण केला. ज्यांना एवढा वेळ बसवत नाही त्यांनी उतरतीचा प्रवास निवडावा, तो बराच लवकर संपतो. जोरदार पावसात दरड कोसळून हे मार्ग बंद पडतात, त्यामुळे परतीसाठी एक दिवस हाताशी ठेवावा.

*

वरचे अनुभव वाचून सावधगिरीचा एक अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते. आपण कुठे डोंगर चढणार आहोत, मग उंचीचा त्रास आपल्याला कशाला होईल, अशी आम्हा दोघांची पक्की समजूत होती. आम्ही विमानाने थेट लेहला उतरलो. लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. पायी चढत जाणाऱ्याचे शरीर वाटेतल्या मुक्कामांत थोडे थोडे सरावते. विमानाने येणाऱ्याला तो अवधीच मिळत नाही, आणि म्हणूनच न चालणाऱ्या माणसाला या आजाराचा धोका उलट जास्त संभवतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

दुपारी काहीच जाणवले नाही, म्हणून आम्ही गावात चक्कर मारली. रात्री अकराच्या सुमारास नवऱ्याचे डोके असे ठणकू लागले की त्याला उशीवर डोके टेकवता येईना. मळमळ सुरू झाली. डोळा लागला की त्याचा श्वास काही क्षण थांबल्यासारखा व्हायचा आणि मग तो मोठा श्वास घेत दचकून उठायचा. मला मात्र काहीच त्रास नव्हता. तो माझ्यापेक्षा कितीतरी तंदुरुस्त आहे, त्यामुळे मी त्याला ‘दमला असशील, झोप आता’ एवढेच म्हणाले, आणि याची रुखरुख मला आजही आहे. सकाळी डॉक्टरांनी तपासून सांगितले की तंदुरुस्तीचा आणि या त्रासाचा संबंध नसतो. दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या, याहून वर जाऊ नका, आणि बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता खाली उतरा. सुदैवाने तिसऱ्या दिवशी त्याला आराम पडला. उरलेले चार दिवस आम्ही खिडकीपाशी बसून समोरच्या उघड्या, रंग बदलणाऱ्या डोंगरांकडे पाहण्यात घालवले, आणि ते दिवस खरोखर सुंदर होते. हा त्रास साधारणपणे 2500 मीटरच्या वर सुरू होतो, म्हणून तेव्हापासून आम्ही रात्रीचा मुक्काम त्याखालीच ठेवतो. वर जायचेच असेल तर दिवसा जाऊन संध्याकाळपर्यंत परततो.

*

लेहविषयीचा वरचा प्रतिसाद प्रत्येकाने वाचावा, असे मला मनापासून वाटते. त्यात एक भर घालते. 3000 मीटरच्या वर राहायचे असल्यास झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. प्रतिबंधक औषध मिळते, परंतु ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. दुसरे म्हणजे, गार हवेत ऊन जाणवत नाही, पण दर 1000 मीटरला अतिनील किरणे सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. सज्जात दिवसभर बसणाऱ्यांनी टोपी, गडद चश्मा आणि सनस्क्रीन विसरू नये.

*

मला उंचीची भीती वाटते आणि पत्नीला केबल कारची फार हौस आहे. फ्रान्समधील शामोनी गावातून 3842 मीटर उंचीच्या एग्वी द्यु मिदी या सुळक्याकडे केबल कार जाते. गाव 1035 मीटरवर आहे आणि एवढी उंची ती दोन टप्प्यांत, वीसेक मिनिटांत गाठते. पहिल्या टप्प्यात मी केबिनच्या मधोमध उभा राहिलो, दरीकडे पाठ केली आणि समोरच्या डोंगरावर नजर ठेवली, तेव्हा ते सोसले. 2317 मीटरवरील मधल्या स्थानकावर मात्र मी थांबलो आणि पत्नी एकटीच पुढे गेली. निघण्यापूर्वी आम्ही ठरवले होते की कोणी कोणाला आग्रह करायचा नाही आणि नंतर कोणी हिरमुसायचे नाही. मी दीड तास एका सपाट दगडावर बसून वरच्या हिमनद्यांकडे पाहत होतो. ती परतली तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि माझ्याजवळही. सुट्टी जोडीने घ्यायची म्हणजे प्रत्येक तास बरोबरच काढायचा, हा हट्ट आम्ही त्या दिवशी सोडला.

*

आम्ही मे महिन्यात पाच दिवस दार्जिलिंगला होतो आणि त्यांपैकी साडेचार दिवस धुके होते. कांचनजंगा पाहण्यासाठी लोक पहाटे टायगर हिलला जातात, परंतु अंधारात उठून गर्दीत उभे राहण्याची आम्हा दोघांचीही तयारी नव्हती. चौथ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पत्नीने मला हलवून जागे केले. ती काही बोलली नाही, तिने फक्त पडदा बाजूला धरला. ढगांच्या वर, जिथे मी आकाश समजत होतो तिथे, 8586 मीटर उंचीचे ते शिखर होते. डोंगर पाहायला नजर किती वर न्यावी लागते, हे मला तोवर माहीत नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा सगळे झाकले गेले.

उन्हाळ्यात डोंगरांतल्या बहुतेक ठिकाणी सकाळ स्वच्छ असते आणि दुपारी ढग जमतात, कारण उन्हाने उतार तापतात, त्यांच्यालगतची दमट हवा वर चढते, थंड होते आणि तिचे वादळी ढग होतात. त्यामुळे बाहेरचे जे काही करायचे ते अकराच्या आत उरकावे. विजा असताना केबल कार बंद ठेवतात आणि वर गेलेली माणसे वरच अडकतात. दुपारसाठी वाचायला पुस्तके आणि बसायला चांगली जागा, म्हणजे निव्वळ पलंग नव्हे तर दोन खुर्च्या आणि खिडकी, एवढे असावे.

*

आम्ही दोघे सत्तरीच्या पुढचे आहोत आणि पत्नी काठी घेऊन चालते. आम्हाला सर्वांत सोयीचा वाटला तो स्वित्झर्लंडमधील लुझर्नच्या सरोवरातून बोटीने फिट्झनाऊ गावी उतरून रिगी या डोंगरावर जाण्याचा मार्ग. धक्क्यासमोरच स्थानक आहे, आणि 1871 मध्ये सुरू झालेली ती दातेरी रेल्वे युरोपातील पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे आहे. वरच्या स्थानकापासून माथा थोडाच दूर असला तरी वाट चढाची आहे. आम्ही ती केली नाही, स्थानकाजवळच्या बाकावर बसूनही आल्प्सची रांग पुरेशी दिसते. आमच्या वयाच्या जोडप्यांनी सहल ठरवताना प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवून बाकांची आणि स्वच्छतागृहांची चौकशी आधी करावी.

*

शेवटी थोडे वेगळे लिहितो. पहिल्या दोन दिवसांत काहीच न केल्याची एक टोचणी लागते आणि तिच्याविषयी येथे कोणी लिहिलेले नाही. एवढे लांब येऊन आपण नुसते बसून आहोत, असे मला वाटत राहिले, त्यातून मी चिडचिड केली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नव्हतो. तिसऱ्या दिवशी पत्नीने बॅगेतून दुर्बीण काढली. आठ पट मोठे दाखवणारी ती साधी दुर्बीण आम्ही पक्ष्यांसाठी घेतली होती आणि घरी ती कपाटातच असायची.

समोरच्या उतारावर, ओढ्याच्या पलीकडे, पांढरे ठिपके होते. मी त्यांना दगड समजत होतो. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा तो मेंढ्यांचा कळप निघाला, आणि त्याच्या वरच्या अंगाला एक मेंढपाळ व एक काळा कुत्रा होता. कळप एकत्र चालत नाही, हे मला तेव्हा कळले. आधी चार-पाच मेंढ्या गवताच्या पुढच्या पट्ट्यात जातात, मग मधला पुंजका लांबतो, शेवटी मागे राहिलेल्या दोन-तीन धावत येतात आणि कुत्रा त्यांच्या मागून वळसा घालतो. दुर्बीण एकच होती, म्हणून एकाने पाहायचे आणि दुसऱ्याला सांगायचे, असे चालले. मोजताना तिला त्रेचाळीस मिळाल्या, मला सेहेचाळीस. आम्ही पुन्हा मोजल्या. तेवढ्यात कळप खिंडीकडे वळला, ऊन उतरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून पुन्हा मोजायचे ठरवून आम्ही आत आलो.