ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी इश्यू ट्रॅकर आणि कोड ब्राउझर कोणता?

प्रश्न: आमचा सी++ प्रोजेक्ट आहे, चारपाच जण मिळून चालवतो, बगच्या (प्रोग्रॅममधल्या चुकांच्या) तक्रारी सध्या ईमेलवरच येतात आणि हरवतात. स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येईल असं काय घ्यावं? बगझिला की रेडमाइन (दोन्ही इश्यू ट्रॅकर, म्हणजे बग आणि कामांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर)? आणि कोड वेब ब्राउझरमध्ये वाचायची सोय पण हवी.

उत्तर १: बगझिला १९९८ पासून आहे, भक्कम आहे, पण पर्ल भाषेची मॉड्यूल्स बसवताना दमछाक होते आणि नवीन माणूस तो लांबलचक फॉर्म बघूनच परत जातो. एवढ्या छोट्या टीमला फोर्जेजो बघा, २०२२ मध्ये गिटी या कोड ठेवायच्या सॉफ्टवेअरपासून वेगळा झालेला, एकच बायनरी (थेट चालणारी फाइल), एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर पण चालतो, इश्यू आणि कोड एकाच जागी. कमिट मेसेजमध्ये (कोडमधला बदल नोंदवताना लिहायच्या टिपेत) इश्यूचा नंबर लिहिला की तो बदल त्या इश्यूला आपोआप जोडला जातो, हे फार कामाचं आहे.

उत्तर २: सहमत. फक्त फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते शोधायचं असेल तर ओपनग्रोक (कोडमध्ये शोधायचं सॉफ्टवेअर) वेगळा लावा, जावा लागतं, मेमरी बरीच खातो, पण सीटॅग्ज हे टूल वापरून कोडची सूची (इंडेक्स) करतो त्यामुळे फंक्शनच्या मूळ व्याख्येवर (डेफिनिशनवर) थेट उडी मारता येते. कोड थोडाच असेल तर गिट ग्रेप (गिटमधलीच शोधायची कमांड) पुरे.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! आधी फोर्जेजो टाकतो, जुने ईमेल हातानेच भरावे लागतील बहुतेक.

उत्तर १: सगळे नका भरू, अजून उघडे असलेलेच घ्या.