मदत हवी आहे: चार शेळ्यांच्या अभ्यासाला ४१ टक्के वेटेज??

शेळीवाला_परभणी: नमस्कार, जरा अर्जंट आहे, सोमवारी गाईडला दाखवायचंय. उस्मानाबादी शेळ्यांच्या खुराकावर मेटा-अ‍ॅनालिसिस (बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक उत्तर काढणं) करायलो, नऊ अभ्यास मिळाले, त्यातले सात गटात ४ ते ६ शेळ्यांचेच. आता एका अभ्यासाला, गटात चारच शेळ्या, एकत्र उत्तरात ४१ टक्के वेटेज येऊ लागलंय अन् फॉरेस्ट प्लॉटमधी (सगळ्या अभ्यासांचे निकाल एकाखाली एक दाखवणारी आकृती, वेटेज जास्त तर चौकोन मोठा) त्याचाच चौकोन हा एवढा मोठा. लहान सॅम्पलचे काढू का ठेवू? एवढंच सांगा.

आकडेमोड: एवढंच कसं सांगणार भाऊ? मोजलंय काय, फिक्स्ड (सगळ्या अभ्यासांत खरा परिणाम एकच धरायचा) का रँडम (अभ्यासागणिक वेगळा धरायचा), काहीच लिहिलं नाही.

नांदेडकर_सर: दहापेक्षा कमी जनावरं असलेले सरळ काढा. आम्ही तेच केलं, रिव्ह्यूअरनं ब्रसुद्धा काढला नाही.

आकडेमोड: सर, मग उरले दोन! नुसते लहान म्हणून काढत नसतात. लहान अभ्यासाचा व्हेरिअन्स, म्हणजे उत्तरातली अनिश्चितता, मोठा, म्हणून वेटेज आपोआप कमी होतं. इथं उलटं व्हायलंय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरायलंय.

लातूरची_ताई: हेजेसचा जी घेतला का, म्हणजे दोन गटांतला फरक एसडीच्या (जनावरा-जनावरातल्या फरकाचं माप) पटीत, लहान सॅम्पलसाठी दुरुस्त केलेला? गटात ५-५ असले तर कोहेनचा डी, म्हणजे तोच आकडा बिनदुरुस्तीचा, साधारण १० टक्के फुगलेला असतो, दुरुस्तीचा गुणक ०.९० येतो. अन् रँडम घ्या, रेमल (अभ्यासा-अभ्यासातला फरक मोजायची पद्धत) वापरा, वर हार्टुंग-नॅप लावा, थोड्या अभ्यासांसाठीची दुरुस्ती आहे, नऊ अभ्यासांना १.९६ च्या जागी २.३१ नं गुणतंय ते, इंटरव्हल (खरं उत्तर कुठून कुठपर्यंत असंल तो पट्टा) बहुतेक रुंद होईल पण खरा असेल.

बोकड_खरेदी: दादा खुराक कोणता ते सांगा ना, आमचे बोकड वजनच धरंनात.

शेळीवाला_परभणी: रोजची वजनवाढ, ग्रॅममधी. फिक्स्ड लावलं. पेपरात ६२ ± ३.१ दिलंय, तेच एसडीच्या खान्यात टाकलं.

आकडेमोड: सगळं ग्रॅममधी असंल तर ताईंचा जी कशाला, सरळ मीन डिफरन्स, म्हणजे सरासऱ्यांतला फरक. अन् त्या टेबलाखालची बारीक अक्षरं वाचा आधी.

शेळीवाला_परभणी: अरे देवा. "मीन ± एसई" लिहिलंय.

आकडेमोड: घ्या! एसई म्हणजे एसडी भागिले गटातल्या शेळ्यांच्या संख्येचं वर्गमूळ. चारचं वर्गमूळ दोन, खरा एसडी ६.२. व्हेरिअन्स चौथा हिस्साच धरला, म्हणून वेटेज फुगलं. बाकीचे आठही तपासा.

लातूरची_ताई: तरी हार्टुंग-नॅप लावाच.

नांदेडकर_सर: चारी शेळ्या एकाच गव्हाणीवर खात होत्या का? तसं असंल तर खुराक गव्हाणीला दिला, एकेका शेळीला नाही, म्हणून सॅम्पल चार नाही, एकच धरा.

शेळीवाला_परभणी: ते लिहिलंच नाही पेपरात सर. लेखकाला मेल टाकतो. बोकडवाले दादा, तुरीचं भुसकट होतं.