इलेक्ट्रॉनिक संगीत शिकायला जाताना पैसे आधी कशात घालावेत: लॅपटॉपमध्ये की कानांसाठी?

आवाजवेडी

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पदवीचं माझं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. आता नव्याने प्रवेश घेणारी मुलं रोज विचारतात, "ताई, लॅपटॉप कुठला घेऊ?" मला वाटतं सुरुवातच चुकते आहे, म्हणून हा धागा.

मी सगळे पैसे लॅपटॉपमध्ये घातले. 32 जीबी रॅम, वर भारीतलं ग्राफिक्स कार्ड, ज्याचा आमच्या कामाला वर्षभरात काडीचा उपयोग झाला नाही. उरलेल्या पैशांत जो हेडफोन बसला तो घेतला. त्यात बास फुगवलेला होता. मिक्स करताना मला खालचा आवाज सतत जास्त वाटायचा, म्हणून मी तो कापत गेले. पहिल्या सादरीकरणात माझी रचना मोठ्या स्पीकरवर वाजली तेव्हा तिला तळच नव्हता. तीन आठवड्यांचं काम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येत होतं. दोष प्रोसेसरचा नव्हता, मी चुकीचं ऐकत होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी खरं सांगणारा हेडफोन, मग दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारी पेटी), मग एक माइक. लॅपटॉप चार-पाच वर्षं जुना असला तरी चालतो. जड झालेला ट्रॅक फ्रीझ करायचा, म्हणजे त्याचा तयार आवाज साठवून प्रोसेसर मोकळा करायचा, आणि पुढे जायचं. 1948 मध्ये पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने पॅरिसमध्ये आगगाड्यांच्या आवाजातून रचना केली तेव्हा त्याच्याकडे टेपसुद्धा नव्हती, तबकड्यांवर काम करत होता. कान मात्र तयार होता.

ताललय

असहमत. शेफरला दोन तासांनी स्टेजवर जाऊन थेट वाजवायचं नव्हतं.

फ्रीझ करणं घरी बसून रचना करणाऱ्याला ठीक आहे. मी लाइव्ह करतो. मॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे जोडून बांधलेला पॅच, चालू आवाजावर ग्रॅन्युलर प्रक्रिया (आवाजाचे बारीक कण करून ते नव्याने मांडणं), आठ स्पीकरवर फिरणारा ध्वनी. यातलं काय फ्रीझ करू? आकडे बघा. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेताना, 128 नमुन्यांचा बफर (मशीन एका दमात हाताळतं तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंदांचा उशीर. दमलेल्या मशीनवर आवाज तुटायला लागतो, मग बफर वाढवत वाढवत 1024 वर नेता, म्हणजे 21 मिलिसेकंद. आवाजाचा वेग बघता हे सात मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरसमोर बसून कीबोर्ड वाजवण्यासारखं झालं, आणि हे फक्त एका बाजूचं. इंटरफेसमधून आत येऊन बाहेर जाणारा आवाज धरला तर दुप्पट. अशा वेळी बोटं बिचकतात, लय सांडते.

दुसरं म्हणजे हेडफोन सहा महिन्यांनी बदलता येतो. आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. 8 जीबीचं मशीन घेतलं तर पदवी संपेपर्यंत 8 जीबीच. नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. 16 च्या खाली जाऊ नका. आणि नुसते कोअर मोजू नका. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन (आवाज घडवणारे जोड-प्रोग्राम) बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकाच कोअरवर चालतात. त्यामुळे आठ संथ कोअरपेक्षा चार वेगवान परवडतात.

आवाजवेडी

रॅमचा मुद्दा मान्य. जुनं मशीन चालतं म्हणताना मला तेवढं लिहायला हवं होतं.

पण महाग मशीन म्हणजे आवाज तुटणार नाही, हे मान्य नाही. माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर दर काही सेकंदांनी 'टिक' यायचं. महिनाभर मी प्लगइनना दोष देत होते. शेवटी एका सीनियरने वायफाय बंद करायला लावलं आणि टिक गेलं. वायफायचा ड्रायव्हर मधूनच प्रोसेसर अडवून धरत होता. विंडोजवर इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज पोचवणारा) टाकणं आणि वीज वाचवण्याच्या सेटिंग बंद करणं, याला पैसे पडत नाहीत. मशीन बदलण्याआधी हे करून बघा.

घुमारा

बरीच वर्षं ध्वनिमुद्रण करतो आहे. तुम्ही दोघंही खोलीबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून लिहितो.

नवा विद्यार्थी पहिल्यांदा काय घेतो? कंडेन्सर माइक आणि मॉनिटर स्पीकरची (मिक्स ऐकण्यासाठीच्या स्पीकरची) जोडी. दोन्ही राहत्या खोलीत बिनकामाचे ठरू शकतात. कंडेन्सर हा नाजूक कानाचा. गाणाऱ्याइतकाच शेजारचा नळ, पंखा आणि त्या ताकदवान लॅपटॉपचा फॅनही तो टिपतो. उघड्या भिंतींच्या खोलीत डायनॅमिक माइक, म्हणजे कमी संवेदनशील प्रकारचा, जवळ धरून काम करा. शुअर कंपनीचा एसएम 57 हा डायनॅमिक माइक 1965 पासून बाजारात आहे आणि आजही स्टुडिओत वापरतात. त्याला गेन (इंटरफेसने आवाज वाढवण्याचं प्रमाण) भरपूर लागतो, म्हणून इंटरफेस घेताना गेन पूर्ण वाढवून सुसकारा किती येतो ते ऐका.

स्पीकरचं म्हणाल तर तीन मीटरच्या दोन भिंतींमध्ये 57 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. खोलीच्या मध्यभागी तो जवळजवळ नाहीसा होतो, भिंतीला टेकलात की दणदणतो. मग खरा बास कुठला? म्हणून हेडफोनबाबत मी आवाजवेडी यांच्या बाजूचा. पण घ्या बंद कपाचा. उघड्या कपाच्या हेडफोनमधून मेट्रोनोमची (ताल धरून देणाऱ्या यंत्राची) टकटक बाहेर झिरपते आणि थेट माइकमध्ये जाते.

इंटरफेसच्या 192 किलोहर्ट्झच्या जाहिरातींना भुलू नका. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. मुद्रण करताना मीटरवरची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा, मीटर लाल करायची काही गरज नाही.

आवाजवेडी

बंद कपावर मी अडून आहे. मी माइकसमोर महिन्यातून दोनदा बसते, मिक्स करायला रोज चार-चार तास. उघड्या कपात कान कोंडत नाहीत. गाणाऱ्यांसोबत काम असेल तर तुमचं बरोबर.

मुक्तस्रोत

तुमची सगळी भांडणं पहिल्या तासाच्या आधीची आहेत. पाण्यात म्हैस, बाहेर मोल! विभागात कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात ते आधी विचारा. लॉजिक असेल तर ते अॅपलचं आहे, विंडोजवर चालत नाही; विंडोजचा लॅपटॉप घेऊन बसलात तर वर्षभर शेजाऱ्याच्या पडद्यात डोकवाल. प्युअर डेटा, सुपरकोलायडर किंवा सीसाउंड असेल तर ही तिन्ही मोफत आहेत, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतात आणि साध्या कॉम्प्युटरवरही शिकता येतात. ध्वनिमुद्रण आणि मिक्सचं सॉफ्टवेअर रीपर 60 दिवस विनामूल्य वापरून बघता येतं.

माझं म्हणणं, पहिले तीन महिने लॅपटॉप, माइक काहीच नवं घेऊ नका. मी पहिल्या सत्राची रचना सायकलच्या चाकावर केली. पिएझोची (कंपनाचं विजेत रूपांतर करणारी) चकती स्पोकच्या मुळाशी चिकटवली आणि चाक उलटं टांगून एकेक तार छेडली. ताण वेगळा म्हणून सूर वेगळा, आणि ब्रेकचा रबर टेकवला की सगळं चाक कण्हायचं. चकती माइकच्या इनपुटला लावली तेव्हा खालचे सूर गळाले. गिटारसाठी असतं त्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावल्यावर आवाज भरून आला. हे मला विभागाच्या इंटरफेसवरच कळलं. आधीच खरेदी केली असती तर तसं इनपुट नसलेला घेतला असता.

ताललय

विभागातली सामग्री रात्री आठनंतर कुलुपात. सबमिशनच्या आठवड्यात तर नंबर लावावा लागतो. तीन महिने थांबा हा सल्ला ज्याला रात्री दोनला सुचतं त्याला देऊ नका.

मुक्तस्रोत

थांबा म्हणजे हात बांधून बसा असं नाही. हातातला फोनही ध्वनिमुद्रण करतो.

नवी_विद्यार्थिनी

सगळं वाचलं. आज विभागात फोन केला. पहिल्या वर्षी प्युअर डेटा आणि रीपर आहे, इंटरफेस सत्रभर घरी न्यायला मिळतो. घरातल्या लॅपटॉपमध्ये 16 जीबी आहे, तोच नेणार. लाइव्ह करायची वेळ आली की ताललय यांचे आकडे परत वाचीन. माइक राहू दे. हेडफोन मात्र घेणार, दोन्ही प्रकार कानाला लावून बघणार आहे. ऐकायला सोबत काय नेऊ? आवडती गाणी नेली तर सगळीच छान वाटतील अशी भीती वाटते.

घुमारा

भीती रास्त आहे. गाण्यांसोबत आईचा आवाज मुद्रित करून न्या, दोन मिनिटं, नेहमीच्या बोलण्यातला, फोन तिच्या अगदी जवळ धरून. तो आवाज तुम्ही जन्मापासून ऐकताय. ज्या हेडफोनमध्ये ती सर्दी झाल्यासारखी किंवा पिंपात बसून बोलल्यासारखी वाटेल तो लगेच खाली ठेवा.

आवाजवेडी

आणि प्रत्येक हेडफोन आवाजाच्या त्याच पातळीवर ऐक. जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, मी तिथेच फसले होते.