तेलाच्या मुलखात राहिलेल्यांनो, या! (अनुभव धागा)

केटीची_वहिनी
आज लेकीला नाचाच्या क्लासला सोडून परत येताना रेडिओवर एक कंट्री गाणं लागलं. रिगवरून (तेलविहीर खणायची यंत्रणा) घरी येणारा नवरा, धुळीनं माखलेला पिकअप, वाट बघणारी बायको. आय-टेनवर गाडी चालवताना डोळे पुसत होते.

आम्ही २०१३ ते २०१६ ओडेसाला होतो, वेस्ट टेक्सस. हा चौदा दिवस रिगवर, सात दिवस घरी. अपार्टमेंटमध्ये वॉशर नव्हता, म्हणून लाँड्रोमॅटला जायचे. तिथे कोपऱ्यातली दोन मशिनं ऑइलफील्डच्या कपड्यांसाठी राखीव. बाकी सगळ्यांवर पाटी, की हे कपडे इथे टाकू नका. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून मला इतकं लागलं! माझ्या नवऱ्याच्या घामाचे कपडे, आणि त्यांना वेगळं मशीन. तेवढ्यात शेजारी घड्या घालत बसलेली एक टेक्सन आजी म्हणाली, पोरी, या वासावरच तर गावाचं भाडं भरलं जातं. मग मीही त्या कोपऱ्यातली झाले. धुण्याआधी खिसे तपासायचे. दर वेळी तेच निघायचं: नारिंगी इअरप्लग आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. झोप येऊ नये म्हणून रात्रभर चघळायचा.

आता तो ह्यूस्टनला ऑफिसात बसतो, रोज सहाला घरी. तरी आज घरी आल्यावर मी त्याचा शर्ट हुंगून बघितला.

तुमच्यापैकी कोण कोण राहिलंय अशा ठिकाणी? लिहा ना.

सारंग_७७
गाण्याचं नाव टाका वहिनी

केटीची_वहिनी
अर्ध्यातून लागलं हो, आणि संपल्यावर लगेच जाहिरात. कळलं की टाकते.

मिडलँडचा_मिलिंद
ओडेसा! आम्ही वीस मैलांवर मिडलँडला. अजून इथेच आहोत.

पंपजॅक आठवतात ना, विहिरीतून तेल उपसताना मान खालीवर करणारे ते पंप? आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना माझी आई आली होती. विमानतळावरून येताना तिनं खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, अरे, हे तर नंदीबैल! एवढे सगळे एकदम हो-हो म्हणताहेत. तेव्हापासून घरात कोणी पंपजॅक म्हणत नाही. मुलगा आता नववीत आहे, मित्रांसमोरही नंदीबैलच म्हणतो.

२०१५ च्या शेवटी शेवटी मी कामावर जाताना एकच गोष्ट बघायचो, आज किती नंदीबैल मान हलवताहेत. २०१४ संपताना अमेरिकेत १,८०० हून जास्त रिग चालू होत्या, मे २०१६ मध्ये चारशेच्या आसपास. हा आकडा मला पेपरात वाचावा लागला नाही. रस्त्यावर दिसत होता. रिग आडव्या पाडून यार्डात रांगेनं ठेवलेल्या, आणि आरव्ही पार्क, म्हणजे चाकांवरच्या घरांचे तळ, ओस. ज्या जागेसाठी लोक आधी मारामारी करायचे, तिथे नुसते विजेचे खांब उभे.

गोदातीर
वाचतेय. मस्त धागा.

नाना_ह्यूस्टन
मिलिंद, तू २०१५ सांगतोस, मी १९८६ सांगतो. तेव्हा तेल पिंपाला दहा डॉलरवर आलं होतं. त्याआधी १९८३ मध्ये तुमच्या मिडलँडची सगळ्यात मोठी बँक बुडाली होती, तिथूनच सगळ्यांना धाकधूक. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी झाली. लोक किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवायचे आणि रातोरात निघून जायचे. समोरच्या घरातल्या बाईनं जाताना तिची गुलाबाची कुंडी आमच्या पायरीवर आणून ठेवली. बोलली काहीच नाही. त्या काळात गाड्यांच्या मागे एक स्टिकर असायचं, देवा, आणखी एकदा तेलाची भरभराट येऊ दे, या खेपेला उधळणार नाही. लोक हसायचे, पण मी ते प्रार्थनेसारखं वाचायचो. घरी दोन लहान मुलं होती आणि माझी नोकरी टांगणीला.

हिच्या हातचं पिठलं-भात आठ महिने खाल्लं. अजूनही आवडतं.

स्वरा_कॅल्गरी
नाना, कुंडीचं वाचून गलबलून आलं. गुलाब जगला का?

नाना_ह्यूस्टन
जगला. दोन घरं बदलली, सोबत नेला. २०१७ च्या हार्वीच्या पुरात गेला.

उरणची_मी
मी टेक्सस बघितलेलं नाही, पण हा धागा माझाही आहे. बाबा मुंबई हायवर होते, मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टर. पावसाळ्यात हवा बिघडली की क्रू चेंज (माणसांची अदलाबदल) रद्द, म्हणजे चौदाचे सतरा-अठरा व्हायचे. आई फोनशेजारी बसून शेंगा सोलायची.

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, फोन बंद, आम्हाला वाटलं बाबा समुद्रात आहेत तेच बरं, निदान पाण्याच्या वर तरी आहेत. आणि २७ ला बातमी, मुंबई हाय नॉर्थला प्लॅटफॉर्मला आग. एक जहाज येऊन तेल-वायूच्या पाइपांना धडकलं होतं. २२ जण गेले. बाबा दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर होते, सुखरूप, पण ते कळायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आईनं शेंगांचं पोतं संपवलं. कोणी खाल्ल्या नाहीत, नुसत्या सोलल्या.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जात राहिले. निघताना उंबऱ्यावर थांबून आईकडे बघायचे, आणि आई मुद्दाम काहीतरी आणायला आत जायची.

केटीची_वहिनी
उरणची_मी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. खरंच.

मिडलँडचा_मिलिंद
🙏

चटकदार_चारू
कोणी मिडलँड-ओडेसाला नवीन जाणार असेल तर सांगते, कढीपत्त्याचं रोप हिवाळ्यात घरात घ्या. नॉर्दर, म्हणजे उत्तरेचा गार वारा, आला की एका दुपारीत वीस-तीस डिग्री फॅरनहाइट उतरतात. माझी तीन रोपं गेली. आम्ही तेव्हा किराण्याला डॅलसला जायचो, पाच तास जायचे, पाच तास यायचे. कोथिंबीर मेक्सिकन दुकानात भरपूर मिळते, तिची काळजी नको.

मिडलँडचा_मिलिंद
चारूताई, हिनं रोपाला नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळली होती ऊब म्हणून. जगलं! फांदी हवी तर सांगा.

चटकदार_चारू
ह्यूस्टनला कधी येताय??

बर्फातला_मडलॉगर
नॉर्थ डाकोटा, विलिस्टन, २०१२. उणे तीस. पार्किंगमध्ये गाड्यांना वायर लावून ठेवायच्या, ब्लॉक हीटरला, नाहीतर सकाळी इंजिन दगड. राहायला मॅन कॅम्प, म्हणजे कामगारांची तात्पुरती वस्ती. एका कंटेनरात चार खोल्या, भिंत इतकी पातळ की शेजारचा घरी फोनवर बोलायचा ते सगळं ऐकू यायचं. लुइझियानाचा होता, रोज रात्री मुलीला गोष्ट सांगायचा. एकदा गोष्ट अर्धी असताना त्याला रिगवरून बोलावणं आलं. पहाटे आला आणि ती गोष्ट त्यानं एकट्यानंच पूर्ण केली, फोन न लावता. मी भिंतीला कान लावून ऐकत होतो.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. त्या रात्री ठरवलं, मुलं झाली की हे काम नाही. पाळलं.

स्वरा_कॅल्गरी
आमच्याकडे कॅनडात तेलाचं गाव म्हणजे फोर्ट मॅकमरी. ३ मे २०१६, वणवा. ऐंशी हजारांहून जास्त लोक बाहेर काढले, आणि दक्षिणेला जायला रस्ता एकच, हायवे ६३. दिराचं कुटुंब तिथे होतं. जाऊबाईंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि मुलाचा इन्हेलर एवढंच घेतलं. दोन्ही बाजूंना झाडं जळताहेत, गाडीत पेट्रोल पाव टाकी. पुढे अनोळखी लोक पिकअपमध्ये कॅन भरून रस्त्याकडेला उभे होते, थांबेल त्याला फुकट भरून देत होते. जाऊबाई अजून सांगतात, तेलाच्या गावातले लोक आहेत, कोणाला कधी काय लागेल ते त्यांना न सांगता कळतं.

पेटीवाला
गाण्याबद्दल दोन शब्द. वहिनी, तुम्हाला रडवलं ते बहुतेक पेडल स्टीलनं. बसून वाजवतात. एका हातात लोखंडी बार तारांवर सरकतो आणि पायाच्या पेडलनं, गुडघ्याच्या दांडीनं सूर वाजता वाजता चढतो-उतरतो. आपल्या मींडसारखं. म्हणूनच आपल्या कानाला लगेच भिडतं. जात्यावरच्या ओव्यांत परगावी गेलेल्या धन्याची वाट बघणारी बाई असते ना, ती आणि ही एकच.

केटीची_वहिनी
हो! ते सरकत जाणारं! तेच!

ऑस्टिनची_आई
मुलगा यूटी ऑस्टिनला आहे. कॅम्पसवर एक जुनी रिग ठेवलीय, सांता रिटा नंबर वन. २८ मे १९२३ ला बिग लेकजवळ युनिव्हर्सिटीच्या जमिनीवर तेल लागलं, आणि त्या पैशानं युनिव्हर्सिटी उभी राहिली. सांता रिटा म्हणजे अशक्य कामांची संत. काही कॅथलिक बायकांनी पैसे गुंतवले होते, त्यांनी गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या दिल्या आणि त्या डेरिकवर, म्हणजे रिगच्या मनोऱ्यावर, चढून वरून उधळल्या. आपण नारळ फोडतो तसंच की.

विशाखा_के
एप्रिल २०२० कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २० तारखेला तेलाचा भाव शून्याखाली गेला, पिंपाला उणे ३७.६३ डॉलर. नऊ दिवसांनी नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर काढलं. सहा मिनिटांचा कॉल. मी शेजारच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन बालवाडीचा वर्ग सांभाळत होते, तिकडून मुलांचं गाणं चालू, इकडून हा एकदम गप्प. एच-वन (नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा) होता, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर परत. एकावन्नाव्या दिवशी मिळाली, तेलात नाही. त्याचं हेल्मेट अजून गॅरेजमध्ये खिळ्याला आहे. काढू का विचारलं की म्हणतो, राहू दे.

मिडलँडचा_मिलिंद
विशाखा, राहू दे खरंच.

सारंग_७७
वहिनी नाव मिळालं का गाण्याचं

केटीची_वहिनी
नाही अजून. याला विचारलं. म्हणाला, असली गाणी रिगवर रात्री डॉगहाउसमध्ये (रिगवरची छोटी खोली) कोणीतरी लावायचं, आणि ते सुरू झालं की कोणी एकमेकांकडे बघायचं नाही. हे त्यानं मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. आता चहा टाकायला उठलाय.

चटकदार_चारू
मिलिंद, फांदी ओल्या पेपरात गुंडाळून आणा हं.