ध्यानाला बसलं की झोप लागते, मदत हवी आहे

पेडण्याचो:
दोन महिने झाले, रोज न चुकता ध्यानाला बसतो. मन प्रसन्न राहतं, रक्तदाब उतरतो असं सगळे सांगतात. मला मात्र दहा मिनिटांत डुलकी लागते, उठल्यावर डोकं जड आणि मग चिडचिड. काय चुकतंय? लवकर सांगा, आता सोडून द्यावंसं वाटतंय.

कुळागर:
कधी बसता? जेवून? पाठ टेकून?

आनापान:
इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करा. मी २०१४ मध्ये केलं. पूर्ण मौन, फोन नाही, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मलाही सुरुवातीला नुसती झोप येत होती. फी नाही, दानावर चालतं.

सत्तरीकर:
ते घरच्या बैठकीचं विचारतायत, तुम्ही दहा दिवसांची रजा काढायला सांगताय. आधी अनुलोम-विलोम करा, मग ध्यान.

आनापान:
श्वास जसा आहे तसा बघायचा असतो. त्याला वळण लावत बसलात तर तो व्यायाम झाला.

सत्तरीकर:
पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा, ध्यान सातवं. मधल्या पायऱ्या गाळून कसं चालेल?

पेडण्याचो:
भांडू नका हो. सकाळी आठला बसतो, पलंगावर, भिंतीला टेकून. पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला की चहा-पाव घेतो, मग लगेच.

म्हापसेकर७२:
तुमच्याकडे पोदेर अजून सायकलवरून येतो? उंडे पाव मिळतात का? आमच्या वाड्यावर भोंगा ऐकून वर्षं झाली.

माई:
रात्री किती झोपता?

पेडण्याचो:
रात्री कुठली झोप, विमानतळावर रात्रपाळी असते. सातला घरी येतो.

कुळागर:
हे आधी सांगायचं ना! रात्रभर जागलेला माणूस टेकून डोळे मिटणार, तर झोपणारच.

माई:
मी तीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्या. घरी आल्यावर आधी झोपा, खोलीत अंधार करून. दुपारी उठलात, तोंड धुतलंत की ध्यानाला बसा. पलंगावर नको, साध्या खुर्चीवर, पाठ न टेकता. डोळे अर्धे उघडे ठेवलेत तरी चालेल. दहा मिनिटं पुरे. आणि रक्तदाबाचं लिहिलंत, तुम्हाला आहे का?

पेडण्याचो:
१५०/९६ निघाला होता. डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय. ध्यानाने उतरला तर बघू म्हणून सुरू केली नाही.

माई:
बाबा, असं करू नका. ध्यानाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण ते गोळीच्या जागी नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, तोही उपचारांच्या जोडीला, उपचार सोडून नव्हे. अपुऱ्या झोपेनेही रक्तदाब चढतो. उद्याच डॉक्टरांना भेटा, दोन महिने गोळी घेतली नाही हे स्पष्ट सांगा.

सत्तरीकर:
माईंशी सहमत. पण प्राणायाम सोडू नका.

पेडण्याचो:
आज तीनला उठून खुर्चीवर बसलो. झोप आली नाही. पण डोळे मिटल्यावर कामावरचंच सगळं आठवत राहिलं. हे चालतं का?

आनापान:
चालतं. मन कामावर गेलं हे कळलं ना? तिथून परत श्वासावर या. शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा या.

माई:
डॉक्टरकडे गेलात का?